चंदीगडचे दोन काटे

जानेवारी 1955. तुम्ही चंदीगडच्या सेक्टर 12 मध्ये उभे आहात आणि थंडी थेट हाडांत शिरते आहे. उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या, त्यांच्यामागे कसौलीचा डोंगर. मध्ये नजर अडवणारी एकही उंच भिंत नाही. सुखना तलाव व्हायला अजून तीन वर्षं आहेत. हायकोर्टाची नवी इमारत शेवटचा हात फिरायची वाट पाहते आहे. जिकडेतिकडे विटांचे ढीग आणि मातीची पोती वाहणारी गाढवं.

तुम्ही पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात शिरता. हे कॉलेज 1921 साली लाहोरच्या मुघलपुऱ्यात सुरू झालं. फाळणीनंतर ते रुरकीला आलं आणि डिसेंबर 1953 मध्ये इथे. मुघलपुऱ्याची इमारत सीमेपलीकडे राहिली. इथली पोरं जिथे शिकतात तिथे सगळं नव्याने मांडावं लागलं आहे, म्हणून प्रयोगशाळेत लागणारी शिस्त तुम्हाला जास्तच जाणवते.

टेबलावर दोन मीटर आहेत. काळं बॅकेलाइट, पितळी नट, आणि काट्याखाली आरशाची एक बारीक पट्टी. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आलं की मगच आकडा वाचायचा, नाहीतर तिरक्या नजरेने तो चुकतो. शेजारी होल्डरमध्ये दिवा आहे. त्याच्या काचेवर छापलंय: 230 व्होल्ट, 60 वॉट.

"पुत्तर, छापलेलं वाचू नकोस. मोज," सर म्हणतात.

तुम्ही अमीटर दिव्याशी एकसर जोडता, म्हणजे दिव्यातून जाणारी सगळी धारा त्यातूनही जाईल. व्होल्टमीटर समांतर लावायचा, पण नेमका कुठे? तुमचा हात थेट दिव्याच्या दोन टोकांकडे जातो, आणि सर तुमचं मनगट धरतात. व्होल्टमीटरलाही धारा लागते. याचा स्वतःचा रोध 25,000 ओहम आहे, म्हणजे 230 व्होल्टला तो सुमारे 9 मिलिअँपिअर स्वतःकडे घेईल. अमीटर ती धाराही मोजेल आणि दिव्याच्या नावावर टाकेल. म्हणून इथे व्होल्टमीटर अमीटरच्या अलीकडे लावायचा, अमीटर आणि दिवा या दोघांना मिळून. मग अमीटरचा अर्धा ओहम रोध हिशेबात येतो खरा, पण दिव्याच्या शेकडो ओहमपुढे त्याची मातब्बरी ती काय?

डीसीचा स्विच खाली ओढला. काटे उठतात, थरथरतात, थांबतात. 230 व्होल्ट, 0.26 अँपिअर.

व्होल्टला अँपिअरने भागा: सुमारे 885 ओहम रोध. तेच दोन आकडे गुणा: 59.8 वॉट शक्ती. एकच वाचन, त्याचा भागाकार आणि गुणाकार, आणि तुमच्या हातात दिव्याची दोन गुपितं. शेजारचा मुलगा स्लाइड रूल सरकवून मान हलवतो.

आता दिवा विझवून पूर्ण थंड होऊ द्या, आणि त्याला फक्त दीड व्होल्टचा सेल लावा. धारा 23 मिलिअँपिअर. भागाकार काढा: 65 ओहम! तीच तार, तोच दिवा, आणि रोध चौदापट कमी. पेटलेली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तापमानासोबत तिचा रोध चढतो. दिवा लावताक्षणी जी धारा धावते ती म्हणूनच साडेतीन अँपिअरच्या घरात असते, आणि जुने दिवे बहुधा लावतानाच जातात. रोध हा वस्तूच्या अंगावर कायमचा कोरलेला आकडा आहे, हा माझ्या मते शाळेतून येणारा सर्वांत चिवट गैरसमज.

वाचन स्थिर ठेवण्याची अडचण जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकालाही होती: त्याच्या बॅटऱ्या स्थिर राहत नव्हत्या. म्हणून 1826 मध्ये त्याने दोन धातूंच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर विद्युत दाब, म्हणजे व्होल्टेज, मिळवला. पुढच्याच वर्षी त्याचा नियम मांडणारं पुस्तक आलं. मायदेशात त्याची कदर व्हायला बराच काळ गेला, आणि 1841 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. नियमाआधी स्थिर वाचन, हा त्या माणसाचा धीर मला फार मोठा वाटतो.

सर फळ्यावर हीटर काढतात. 230 व्होल्टला 1,000 वॉट, म्हणजे 53 ओहम. नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. आता रस्त्याच्या शेवटच्या घरात, लांब तारांच्या टोकाला, दाब 180 वर आला तर? धारा 3.4 अँपिअर, शक्ती जेमतेम 612 वॉट. दाब एक पंचमांशाहून थोडा जास्त उतरला, ऊब मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी! कडाक्याच्या थंडीत हे गणित पायांना कळतं.

या वर्षी गंगूवालचं वीजघर सुरू होतं आहे, नांगलच्या कालव्यावर. तिथली वीज दूर न्यायची तर? दोन तारांचा साधा हिशेब धरा, तारांचा रोध 10 ओहम आणि पाठवायची शक्ती 10 लाख वॉट. 11,000 व्होल्टला धारा 91 अँपिअर. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 82,000 वॉटहून जास्त तारांतच जळणार. 1,32,000 व्होल्टला धारा फक्त साडेसात अँपिअर, आणि जळणार 574 वॉट. दाब बारापट, नुकसान एकशे चव्वेचाळीसपट कमी. हा आकडा पाहून मागच्या बाकावरचा एकजण उभाच राहतो.

पुढचं टेबल मोटारच्या गुंडाळीचं आहे, रोध एखाददोन ओहमचा. व्होल्टमीटर मघासारखाच ठेवलात तर अमीटरचा अर्धा ओहम आता मोठा वाटा खाईल. तुम्ही नट सैल करता, व्होल्टमीटरची तार अमीटरच्या पलीकडे, थेट गुंडाळीच्या टोकाला नेता आणि नट आवळता. सर या खेपेला तुमचं मनगट धरत नाहीत.