इसार पावतीवर जमीन मिळते का? खरेदीखत अडले तर कोर्टात काय होते

सौदा ठरला, पाच जणांसमोर इसार दिला, बाँडवर लिहून नोटरीचा शिक्काही मारून घेतला. खरेदीखत सुगी झाली की करू, असे ठरले. मग शेजारून रस्ता जाणार अशी बातमी आली, भाव चढला आणि जमीनमालक फोन उचलेनासा झाला. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वादी म्हणून उभ्या राहणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांची गोष्ट इथूनच सुरू होते. "माझ्याकडे कागद आहे" एवढ्या भरवशावर माणूस दोन-तीन वर्षे गप्प बसतो. तो कागद काय देतो, काय देत नाही आणि कोर्टात गेल्यावर पुढे काय काय होते, ते इथे दिले आहे.

कागद नेमका कसला?

इसार पावती म्हणा, विसार पावती म्हणा किंवा साठेखत म्हणा, कायद्याच्या नजरेत हा जमीन विकण्याचा करार आहे, विक्री नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४ सांगते की अशा कराराने जमिनीत कसलाही हक्क तयार होत नाही. मालकी जाते ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच. म्हणून इसार पावती तलाठ्याकडे नेली तरी सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव लागत नाही. घेणाऱ्याला मिळतो तो फक्त एक अधिकार: कोर्टात जाऊन "ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्यायला लावा" असे मागण्याचा. या दाव्याला वकील मंडळी कराराच्या विशिष्ट पूर्ततेचा दावा म्हणतात.

करार टिकायचा तर भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे दोघेही सज्ञान आणि शुद्धीवर हवेत, संमती खरी हवी, मोबदला हवा आणि काम कायदेशीर हवे. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्द असतो, हे १९०३ पासून पक्के आहे. गावात जास्त अडचण येते ती दुसऱ्याच दोन गोष्टींची. एक, सातबाऱ्यावर चार भावंडांची नावे असताना एकट्या थोरल्याने सही केलेली असते. त्याला फार तर स्वतःचा हिस्सा विकता येतो, बहिणींचा आणि भावांचा नाही. दुसरी, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, कुळकायद्यातली किंवा आदिवासी खातेदाराची असते. तिथे परवानगी नसेल तर साठेखत कितीही चांगले लिहिले तरी गाडे अडते. इसार देण्याआधी चालू सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार काढून बघायला काही शेकडा रुपयेही लागत नाहीत. तरी लोक ते करत नाहीत.

नोटरी म्हणजे रजिस्टर नव्हे

नोटरीचा शिक्का म्हणजे अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली, याला दुजोरा. सरकारी नोंदणी होते दुय्यम निबंधक कार्यालयात. नोटरी केलेली इसार पावती कोर्टात अगदीच चालत नाही असे नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ मुळे बिननोंदणीचा करारही खरेदीखत करून मागण्याच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखवता येतो. पण नोंदणी केली तर एक मोठा फायदा होतो. समजा, मालकाने तीच जमीन जास्त भावाने तिसऱ्याला विकली आणि खरेदीखतही करून दिले. त्या तिसऱ्याला तुमच्या इसाराची कल्पना नव्हती आणि त्याने पूर्ण पैसे मोजले असतील, तर कायदा त्याला वाचवतो. तुमचे साठेखत नोंदवलेले असेल, तर मात्र "मला माहीत नव्हते" हे त्याचे म्हणणे चालत नाही, कारण नोंदणी हीच सर्वांना दिलेली सूचना समजतात.

इसारासोबत जमिनीचा ताबाही घेतला असेल तर नियम आणखी कडक आहे. २४ सप्टेंबर २००१ नंतरचा असा करार नोंदणीकृत नसेल, तर त्याच्या जोरावर ताबा टिकवण्याचे संरक्षण मिळत नाही. मुद्रांकही जवळजवळ खरेदीखताइतकाच लागतो. कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात आला की तो जप्त होतो. उरलेले शुल्क आणि दरमहा २ टक्के दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. अनेक दावे वर्ष-वर्ष इथेच लटकतात.

इसार रोखीत दिला असेल तर एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचे कोणी दाव्यात लिहिले, तर कोर्टाने ते आयकर खात्याला कळवावे. शिवाय मालक उलटला की रोख रकमेचा साक्षीदार शोधत फिरावे लागते. बँकेतून, आरटीजीएसने किंवा चेकने दिलेला इसार स्वतःच साक्ष देतो.

तीन वर्षे कधीपासून?

सगळ्यात जास्त लोक बुडतात ते इथे. मुदत कायदा १९६३ प्रमाणे हा दावा तीन वर्षांत करावा लागतो. करारात खरेदीखताची तारीख लिहिली असेल, तर तीन वर्षे त्या तारखेपासून मोजतात. तारीख लिहिलीच नसेल, तर मालकाने नकार दिल्याचे कळले त्या दिवसापासून.

समजा, दोन एकर बागायतीचा सौदा ३० लाखांना ठरला, इसार ३ लाख दिला आणि खरेदीखत ३१ मे २०२३ पर्यंत करायचे असे लिहिले. तीन वर्षे मोजायची ती ३१ मे २०२३ पासून. इसार दिला त्या दिवसापासून नाही, आणि मालकाने शेवटचे "बघू" म्हटले त्या दिवसापासूनही नाही. मधल्या काळात गावात बैठका झाल्या, वकिलाची नोटीस गेली, पोलिसांत अर्ज दिला, तरी मुदत थांबत नाही. पोलीस बहुतेक वेळा "हे दिवाणी आहे" म्हणून समज देऊन परत पाठवतात, आणि माणूस त्या अर्जाच्या भरवशावर आणखी सहा महिने काढतो. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी, पावतीच्या मागे किंवा वेगळ्या कागदावर, नवी तारीख लिहून मालकाची सही घ्यावी. तोंडी मुदतवाढ नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते.

तीन वर्षांच्या आत दावा केला म्हणजे जिंकलो, असेही नाही. तमिळनाडूतल्या मदुराईच्या एका घराच्या सौद्यात सहा महिन्यांची मुदत होती. घेणारा सुमारे अडीच वर्षे गप्प राहिला आणि मग कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्याला घर दिले नाही. दरम्यान भाव चढतात आणि गप्प बसणाऱ्याला त्याचा लाभ द्यायचा का, हे कोर्ट बघते, असा त्याचा अर्थ.

दुसरी परीक्षा पैशांची असते. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम १६ नुसार घेणाऱ्याला दाखवावे लागते की तो पहिल्यापासून खरेदीखत करून घ्यायला तयार होता आणि उरलेली रक्कम देण्याची त्याची ऐपत होती. सगळे पैसे आधीच कोर्टात भरायची गरज नाही. पण उलटतपासणीत वकील विचारतोच, "उरलेले २७ लाख कुठून देणार होता?" तेव्हा पासबुक, एफडी, मंजूर कर्जाचे पत्र, साखर कारखान्याच्या बिलाची नोंद असले काहीतरी हातात लागते. "सोयऱ्याकडून घेणार होतो" एवढ्यावर भागत नाही, सोयऱ्यालाही पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

दाव्याची वाट

दावा जमीन ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथेच होतो. रक्कम बघून तो कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जाणार ते ठरते, आणि कोर्ट फी सौद्याच्या रकमेवर लागते. दाव्यात "खरेदीखत होत नसेल तर इसार व्याजासह परत मिळावा" ही पर्यायी मागणी लिहिलीच पाहिजे. मागितले नाही ते कोर्ट आपणहून देत नाही. नंतर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण वेळ जातो.

दावा दाखल केल्याबरोबर दोन कामे करावीत. मालकाने जमीन दुसऱ्याला देऊ नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करावा, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावी. जो कोणी ही जमीन घ्यायचा विचार करेल, त्याला शोध घेताना ही नोंद दिसते.

मग समन्स निघते. बेलिफ दारात आला की काही जण घरात नाही म्हणून सांगायला लावतात, काही घ्यायलाच नकार देतात. त्याने काहीच फायदा होत नाही. नकार दिल्यावर समन्स दारावर चिकटवतात आणि बजावणी झाली असे धरतात. मालकाने ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी म्हणणे, द्यायचे असते. कारण दाखवून ते ९० दिवसांपर्यंत वाढते. कैफियतीत जो मुद्दा स्पष्टपणे नाकारला नाही, तो मान्य केला असे कोर्ट धरू शकते. हजरच राहिला नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायला हुकूमनाम्यापासून ३० दिवस मिळतात. समन्स खरोखरच मिळाले नसेल, तर कळल्यापासून ३० दिवस.

पुढे कोर्ट मुद्दे काढते, वादी शपथपत्रावर सरतपास देतो, उलटतपास होतो, मग साक्षीदार, मग मालकाची बाजू, शेवटी युक्तिवाद. कायद्यात एका पक्षाला तीनच तारखा वाढवून घेता येतात असे लिहिले आहे. प्रत्यक्षात काय होते ते कोर्टाच्या आवारात चहा प्यायला बसलेल्या कोणालाही विचारावे. एवढ्या वर्षांत पक्षकार मरतोसुद्धा. त्याच्या वारसांची नावे ९० दिवसांत दाव्यात लावून घ्यावी लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपतो. करार मात्र मरत नाही. मालकाच्या मागे त्याचे वारस बांधलेले राहतात.

निकाल बाजूने लागला की कोर्ट उरलेली रक्कम भरायला मुदत देते. तेवढ्यात भरली नाही, तर जिंकलेला करारही मोडला जाऊ शकतो. मालक तरीही सही करेना, तर दरखास्त दाखल करायची. मग कोर्टाने नेमलेला माणूस मालकाच्या वतीने दुय्यम निबंधकासमोर खरेदीखतावर सही करतो. साध्या हुकूमनाम्याची दरखास्त करायला १२ वर्षे मिळतात. जिल्हा न्यायालयात अपील करायचे असेल तर ३० दिवस.

विकणाऱ्याची बाजूही आहे

सगळेच मालक भाव चढला म्हणून फिरत नाहीत. घेणाऱ्याने इसार देऊन पुढचे पैसे दिलेच नाहीत, अशीही प्रकरणे आहेत. तेव्हा मालकाला इसार जप्त करता येतो, पण दिलेली सगळीच रक्कम नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिल्लीच्या एका मालमत्तेच्या वादात १,००० रुपयांचा खरा इसार जप्त करायला मान्यता दिली. ताब्यापोटी दिलेले २४,००० जप्त करू दिले नाहीत. नुकसान झाले असेल तर ते दाखवून वाजवी भरपाई मागावी, असा कलम ७४ चा अर्थ आहे.

आणखी एक प्रकार गावोगाव दिसतो. लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे हवे असतात, सावकार ३ लाख देतो आणि तारण म्हणून इसार पावती लिहून घेतो. कागदावर सौदा, मनात कर्ज. कागद जमीन विकण्याचा असल्याने नंतर "हे कर्ज होते" हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. व्याज दिल्याच्या नोंदी, फोनवरचे मेसेज, बाजारभावापेक्षा फारच कमी लिहिलेली किंमत, ताबा कधीच दिला नाही हे सगळे तेव्हा कामी येते. परवाना नसलेल्या सावकाराबद्दल २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.

खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे, ती कोर्टाच्या आवारातच असते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही, म्हणून सही करण्याआधी तडजोडीचा मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्यावा. दावा दाखल झाला की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो मोबाईलवर ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते दिसते.