रंगाचं नाव, रचनेचं नाव

आपला भंडारा पितळी भांड्यांचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात भरपूर अमोनिया टाका, गर्द निळा रंग येतो. त्या निळ्या आयनचं नाव टेट्राअमीनकॉपर(टू). बारावीत मी हे नुसतं घोकलं, म्हणून पेपरात विसरलो.

आधी अशी नावं रंगावरून असायची. 1852 मध्ये फ्रान्सच्या फ्रेमींनी कोबाल्टच्या संयुगांना नावं दिली: पिवळं ते ल्युटिओ, गुलाबी ते रोझिओ. पण पुढे हिरवं ‘प्रासिओ’ आणि जांभळं ‘व्हायोलिओ’ यांचं सूत्र एकच निघालं! फरक होता मांडणीत, आणि रंग ती सांगत नव्हता.

1893 मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी ती मांडणी उलगडली: मधे धातू, भोवती ठरावीक जागांवर बाकीचे. मग नावही रचनेवरून पडू लागलं. 1913 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. धातूची ऑक्सिडेशन अवस्था रोमन आकड्यात लिहायची पद्धत 1919 मध्ये आल्फ्रेड स्टॉक यांनी सुचवली.

आता परत वाचा: टेट्रा म्हणजे चार, अमीन म्हणजे अमोनिया, मग धातू तांबं, शेवटी त्याची अवस्था दोन.

कोडमध्ये व्हेरिएबलला ‘एक्स’ नाव दिलं, की सहा महिन्यांनी आपलंच आपल्याला कळत नाही. वेर्नरना हे सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. नाव घोकू नका, उलगडा. भेटू पुढच्या भागात!