मोजमापे आणि माणसे : एका नामांतराच्या निमित्ताने

एखाद्या विद्वत्पत्रिकेने शतकभर मिरविलेले नाव टाकून नवे धारण करावे, ही घटना सामान्य वाचकास क्षुल्लक वाटेल. आलेश हर्डलिच्का यांनी १९१८ साली सुरू केलेल्या 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिकल अँथ्रपॉलॉजी' या नियतकालिकाच्या नावातील 'फिजिकल' हा शब्द २०२२ साली गेला आणि त्या जागी 'बायोलॉजिकल' हा शब्द आला. शारीरिक मानवशास्त्राचे जैविक मानवशास्त्र झाले. या एका शब्दाच्या पालटामागे शंभर वर्षांचा वैचारिक प्रवास आहे. त्या प्रवासात एका मराठी विदुषीचाही वाटा असल्यामुळे या विषयाकडे सभासदांचे लक्ष वेधणे आम्हांस उचित वाटते.

या शास्त्राचा आरंभ मोजपट्टीने झाला. कवटीची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण, उंची यांवरून मानवांचे वंश ठरविता येतात, अशी तेव्हाची श्रद्धा होती. मुंबईस १८८६ साली मानवशास्त्रीय मंडळी स्थापन होऊन तिचे नियतकालिक निघू लागले. बंगालमध्ये हर्बर्ट रिस्ली यांनी नासिकांकाचा दंडक लावला आणि जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा सिद्धांत मांडला. हेच रिस्ली पुढे १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त झाले. धारवाड जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात असल्याने आमच्या पूर्वजांच्या जातीही त्या खानेसुमारीच्या कोष्टकांत बसविल्या गेल्या. शास्त्राचा शिक्का बसला की समजुतीचे रूपांतर प्रमाणात कसे होते, याचा हा बोलका दाखला होय.

'युगान्त'कार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या इरावती कर्वे मूळच्या याच शास्त्राच्या अभ्यासक होत. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली शिकून त्या बर्लिनला गेल्या. तेथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असमतेवर संशोधन करून १९३० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीस त्यांच्या विचारांचा आधार मिळाला. असे असूनही, कवटीच्या दोन बाजूंतील असमता वंशावर अवलंबून असल्याचे आपल्या मोजमापांतून दिसत नाही, हाच निष्कर्ष या तरुण विद्यार्थिनीने काढला. परदेशात, प्रत्यक्ष गुरूच्या मताविरुद्ध, हातातील आकड्यांशी इमान राखणे किती कठीण असेल, हे अध्यापकांस सांगावयास नको.

डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी मोजपट्टी टाकली नाही. तिला विचारावयाचे प्रश्न मात्र बदलले. वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी लिहिलेला, समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना करणारा निबंध १९६८ साली 'करंट अँथ्रपॉलॉजी'त आला. हे आठही गट महाराष्ट्रातील ब्राह्मणांचे होते. एका मूळ जातीतून फुटून पोटजाती निर्माण झाल्या, असे घुर्ये यांचे मत होते. ते खरे असते, तर या गटांत निकटचे जैविक साम्य दिसावयास हवे होते. परंतु त्यांच्यात लक्षणीय अंतर आढळले. भिन्न मुळांचे समूह समान व्यवसाय व दर्जा यांमुळे एका नावाखाली आले असावेत, या इरावतीबाईंच्या प्रतिपादनास त्यामुळे बळकटी मिळाली. नाव एक म्हणून रक्त एक, हा समज अशा रीतीने डळमळला.

आता अस्थींनाही नवे प्रश्न विचारले जातात. बळ्ळारी जिल्ह्यातील तेक्कलकोटे येथे १९६३-६४ मध्ये उत्खनन झाले. तेथील मानवी अवशेषांचा अभ्यास मल्होत्रा यांनीच केला. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कुंभांत पुरलेली बालके सापडली. त्यांच्या दातांवरील खुणांवरून आजार व उपासमार यांचा माग विद्वानांनी काढला. 'हा कोणत्या वंशाचा?' या प्रश्नाची जागा 'हा कसा जगला, काय खाऊन वाढला, कशाने मेला?' या प्रश्नाने घेतली आहे. नियतकालिकाच्या नामांतराचा खरा अर्थ आमच्या मते हाच आहे.

नाव बदलल्याने जुने दोष धुऊन निघत नाहीत, हेही तितकेच खरे. खुद्द हर्डलिच्का यांनी जमविलेल्या अवशेषांत संमतीवाचून आणलेले अवशेष पुष्कळ होते. त्यांचे देणे अद्याप फिटलेले नाही. म्हणून अशा पत्रिकांचे जुने अंक कपाटात दडवून न ठेवता डोळसपणे वाचावयास हवेत.

हुबळी-धारवाडसारख्या शहरांत कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. त्यांच्यापैकी कोणी नाकाच्या ठेवणीवरून वा कातडीच्या रंगावरून दुसऱ्याची जात काढू लागला, तर त्यास केवळ दटावून गप्प करणे पुरेसे नाही. ज्या मोजपट्टीने ही भेदबुद्धी शास्त्रशुद्ध ठरविण्याचा यत्न झाला, त्याच मोजपट्टीने पुढे तिचा पाया कसा खिळखिळा केला, हा इतिहास त्याच्यापुढे ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे.