रेल्वेची सचित्र जाहिरात : बल्लारशाह व चंद्रपूर

प्रवाशाला गाडीकडे आणि गाडीच्या वाटेवरील मुलखाकडे ओढण्यासाठी रेल्वेने चित्रे तीन जागी वापरली : वेळापत्रकात, भित्तिपत्रकावर आणि स्थानकाच्या भिंतीवर. यांतले तिसरे रूप चंद्रपूर जिल्ह्यात ठसठशीतपणे दिसते.

पहिले रूप बहरले ते अमेरिकेत. तिथे रेल्वे कंपन्या खासगी, आणि एकाच शहराला दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या जात. साहजिकच घडीच्या वेळापत्रकात आकड्यांच्या रकान्यांशेजारी चित्रे आली. चेसापीक अँड ओहायो कंपनीने १९३३ पासून ‘चेसी’ हे मांजराचे पिल्लू जाहिरातीत आणले. उशीवर डोके, अंगावर पांघरूण, एक पंजा तेवढा बाहेर. गाडीत झोप कशी गाढ लागते हे सांगायला एवढे चित्र पुरले. १९७१ मध्ये बहुतेक लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या अॅमट्रॅक या एकाच राष्ट्रीय कंपनीकडे गेल्या आणि ही चढाओढ संपली. भारतात मात्र १९२७ नंतर रेल्वेच्या केंद्रीय प्रसिद्धी विभागाने दुसऱ्या रूपावर, म्हणजे भित्तिपत्रकांवर भर दिला.

चंद्रपूरच्या मुलखात रूळ आले ते सहलीसाठी नव्हे. वर्धा–वरोरा फाटा टाकला गेला कोळशासाठी. पुढे १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशाह जोडणी पुरी झाली आणि बल्लारशाह दिल्ली–मद्रास मार्गावरचे मोठे जंक्शन बनले. याच जिल्ह्यातले ताडोबाचे जंगल १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तरी गाडीत बसलेल्याला जंगल जवळ आल्याची खूण कित्येक वर्षे स्थानकावर नव्हती.

ती उणीव स्थानिक चित्रकारांनी भरून काढली. बल्लारशाह व चंद्रपूर या दोन्ही स्थानकांच्या भिंतींवर त्यांनी ताडोबाचे वाघ, इतर वन्यजीव आणि आदिवासी कला रंगवली. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक-सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह व चंद्रपूर यांना विभागून पहिले पारितोषिक मिळाले. मधुबनी व मदुराई दुसरे आले. मधुबनीकडे तर शतकांची चित्रपरंपरा आहे, म्हणून या निकालाचे मोल अधिक.

वेळापत्रकातले चित्र दूरच्या कचेरीत ठरे. इथे जंगलाच्या शेजारी राहणाऱ्यांनीच जंगल रंगवले, आणि त्या बळावर ही जाहिरात कोणत्याही छापील जाहिरातीहून खरी ठरते. हाच मान गडचिरोलीलाही मिळायला हवा. त्या जिल्ह्याचे जंगल आणखी दाट, पण रेल्वेच्या नकाशावर अनेक दशके त्याचे एकटे वडसा स्थानक होते. गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावरच्या या स्थानकाच्या भिंती रंगवण्याचे काम तिथल्याच कलावंतांकडे सोपवावे.