कळसूबाई : शिखर आणि सीमा

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हें आमच्या अकोले तालुक्याच्या उत्तर सीमेवर उभें आहे. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५४०० फूट. पलीकडे नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी तालुका.

हा डोंगर अग्निजन्य खडकाचा असला तरी स्वतः ज्वालामुखी नव्हे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूकवचाच्या भेगांतून लाव्हारस उसळला, दख्खनवर पसरला आणि थिजला. असे थरावर थर बसले. पुढें पावसापाण्यानें सभोंवतालचा प्रदेश झिजला आणि जें टिकलें तें शिखर झालें. बारी गांवाहून वर चढतांना लागणारे कडे व टप्पे हे ते थरच होत.

त्या मानानें सीमा अगदीं कालची. नाशिकचा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला. त्यापूर्वीं त्याचा बराच भाग अहमदनगर जिल्ह्यांत मोडत असे. आमच्याही जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. दोहों अंगांच्या महादेव कोळ्यांना मात्र ही रेषा कधींच आड आली नाहीं. नवरात्रांत दोन्ही बाजूंचे लोक एकाच देवीला जातात. सावकारी जाचाविरुद्ध उठलेल्या देवगांवच्या राघोजी भांगऱ्याचें बंड नगर, नाशिक व ठाणें अशा तिन्हीकडील डोंगरांत फिरलें. १८४८ सालीं त्याला ठाण्यास फांशी दिलें गेलें.

डोंगराची खरी वांटणी पाण्याची आहे. उत्तरेचें पाणी दारणेला मिळतें, दक्षिणेचें प्रवरेला. दारणेचें धरण १९१६ मध्यें झालें, प्रवरेवरील भंडारदऱ्याचें १९२६ मध्यें. शिखरावर दुभंगलेलें हें पाणी शेवटीं गोदावरींत पुन्हा एक होतें. म्हणूनच अवर्षणाच्या वर्षीं वरच्या धरणांतून जायकवाडीस किती पाणी सोडावें, यावर नगर, नाशिक व मराठवाडा यांच्यांत तंटे उभे राहतात.

या तंट्यांत ऊंसाचा, शहरांचा, कारखान्यांचा हिशेब मांडला जातो. परंतु ज्या डोंगरावर हा पाऊस कोसळतो, त्याच्या कुशींतील कित्येक वाड्यांत चैत्र-वैशाखांत बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करावी लागते. काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाहीं आणि धरणें खालच्या अंगाला आहेत. पाण्याची वांटणी करतांना जिल्ह्यांच्या सीमा जरूर पाहाव्या, परंतु पहिली ओंजळ उगमापाशीं राहणाऱ्यांची आहे, एवढें तरी आपण मान्य करावें.