धावणाऱ्या हृदयाची परीक्षा

व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही सूचना आपण इतक्या वेळा वाचतो की तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. पण डॉक्टरांनी नेमके काय पाहायचे? आणि ते पाहिल्याने जीव वाचतात, हे कशावरून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकाची कित्येक वर्षे गेली. दुसऱ्या प्रश्नावरचा वाद अजून मिटलेला नाही. या दोन्ही प्रश्नांचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

हॉलंडमधील लायडनचे विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाहाचा अचूक आलेख काढला. या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच आपला ईसीजी. परंतु त्यात एक अडचण होती. रोगी स्वस्थ पडून असताना आलेख काढला तर तो पुष्कळदा अगदी निर्दोष दिसे. आणि तोच रोगी जिना चढू लागला की त्याच्या छातीत कळ येई.

याचे कारण सोपे आहे. विश्रांतीत हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी लागतो. त्याला रक्त पुरवणारी रोहिणी बरीच अरुंद झालेली असली तरी तेवढी गरज भागते. श्रम करताना मात्र ही गरज कित्येक पटींनी वाढते आणि अरुंद रोहिणी ती पुरवू शकत नाही. गावाची नळयोजना रात्री कशी चालते यावरून सकाळी सातला पाणी पुरेल की नाही ते कळत नाही, तसेच हे. म्हणजे हृदयाची परीक्षा घ्यायची तर ते राबत असताना घेतली पाहिजे.

न्यूयॉर्कचे आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये यासाठी साधी युक्ती सुचवली. सुमारे २३ सेंटिमीटर उंचीच्या दोन पायऱ्या करायच्या आणि रोग्याला त्यांवरून ठरावीक वेळा चढउतार करायला लावायचे. आरंभी ते नाडी व रक्तदाब मोजत; ईसीजीची जोड पुढे मिळाली. सिअॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी पायऱ्यांऐवजी फिरता पट्टा, म्हणजे ट्रेडमिल, वापरला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणून आजही बहुतेक ठिकाणी हीच पद्धत वापरतात.

या चाचणीची आठवण ठेवावी अशी घटना १९८४ मध्ये घडली. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाच्या १९७७ च्या पुस्तकाने असंख्य लोकांना धावायला लावले होते. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट राज्यात धावताना ५२ वर्षांच्या फिक्स यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या फारच अरुंद झालेल्या आढळल्या. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता व त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले होते. फिक्स स्वतः पूर्वी पुष्कळ धूम्रपान करीत. काही महिन्यांपूर्वी त्यांना ट्रेडमिलची चाचणी सुचवण्यात आली होती, पण त्यांनी ती टाळली. धावण्यामुळे मृत्यू आला असे तेव्हा अनेकांनी म्हटले. वास्तविक रोग आधीपासूनच होता; त्या दिवशीचे श्रम हे फक्त निमित्त.

मग सर्वांचीच तपासणी का करू नये? इटलीने हा प्रयोग केला. १९८२ पासून तेथे स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांना ईसीजीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूमागे बहुधा रोहिण्या नसतात. जन्मजात किंवा आनुवंशिक दोष असतात, आणि त्यांतील काही ईसीजीत दिसतात. व्हेनेटो प्रांतातील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंमधील अशा मृत्यूंचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला ३.६ वरून ०.४ पर्यंत उतरल्याचे त्यात दिसले.

हे आकडे प्रभावी आहेत, पण दुसरी बाजूही पाहू. पादुआच्या केंद्रात ४२,३८६ खेळाडू तपासले गेले. त्यांपैकी ३,९१४ जणांना पुढील तपासणी करावी लागली आणि अखेर ८७९ जणांना खेळ नाकारला गेला. म्हणजे पहिल्या चाळणीत अडकलेल्या दर चारांपैकी तिघांहून अधिक जण खेळण्यास योग्यच होते. त्यांनी सोसलेली चिंता आणि खर्च कोणत्या खात्यात मांडायचा?

इस्राएलमध्येही १९९७ च्या कायद्याने तपासणी सक्तीची झाली. तेथील २०११ च्या अभ्यासात कायद्याआधीच्या दशकात हे प्रमाण लाखामागे २.५४ होते, नंतरच्या दशकात २.६६; म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मात्र कायद्याच्या आधीच्या केवळ दोन वर्षांत ते ८.४ पर्यंत चढले होते. तेवढ्याच वर्षांशी तुलना केली असती तर कायद्याचा मोठा विजय झाला असे वाटले असते! तुलनेसाठी कोणता काळ निवडला यावर निष्कर्ष कसा पालटतो, हे वर्गात शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

अमेरिकेतील क्रीडावैद्यक महाविद्यालयाने, म्हणजे तेथील तज्ज्ञांच्या संघटनेने, प्रौढांसाठीचे आपले नियम २०१५ मध्ये सैल केले. जुन्या नियमांमुळे फार लोक डॉक्टरांकडे पाठवले जात, आणि व्यायामाची सुरुवातच लांबे. आता तीन गोष्टी पाहतात: माणूस सध्या किती व्यायाम करतो, त्याला हृदयाचा, चयापचयाचा वा मूत्रपिंडाचा ज्ञात विकार किंवा त्याची लक्षणे आहेत का, आणि त्याला किती जोराचा व्यायाम करायचा आहे. निरोगी माणसाने हळूहळू चालायला लागण्यासाठी चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही. मधुमेही किंवा छातीत कळ येणाऱ्या माणसाने मात्र आधी डॉक्टरांना भेटावे.

चाचणी निर्दोष आली तरी ती हमी नव्हे. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. तो इटलीतील क्लबकडून, म्हणजे सक्तीच्या तपासणीच्या देशात खेळत होता. त्याला वाचवले ते छातीवर तत्काळ दिलेल्या दाबांनी आणि जवळ असलेल्या डिफिब्रिलेटरने.

शाळेत ट्रेडमिल नसते, पण प्रश्न विचारता येतात. धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत दुखते का? बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर दम लागतो का? घरात कोणी तरुणपणी अचानक वारले का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला स्पर्धेत उतरवण्याआधी डॉक्टरांकडे पाठवावे. आणि कोसळलेल्याच्या छातीवर दाब कसा द्यायचा, हे क्रीडाशिक्षकाने तरी शिकून घ्यावेच.