हवेचा धडा



आपल्या शाळांतून हवेविषयीं काय शिकविलें गेलें, केव्हां शिकविलें गेलें आणि त्यांतून काय राहून गेलें, याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. विषय लहान मुलांचा दिसतो. पण तो मोठ्या माणसांच्या कारभाराचा आहे. मुलाला दिलेला प्रत्येक धडा म्हणजे मोठ्यांनीं केलेली जबाबदारीची वांटणीच असते. कोणती गोष्ट मुलानें करावी, कोणती घरानें आणि कोणती सरकारनें, हें त्या धड्यावरून बरोबर कळतें.

दूषित हवेचा विचार आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आला, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसरा अध्याय 'जनपदोद्ध्वंस' या विषयाचा आहे. पांचाल देशांतील कांपिल्य नगरीपाशीं, गंगेच्या तीरीं, पुनर्वसु आत्रेय आपला शिष्य अग्निवेश यास सांगतात कीं, माणसांची प्रकृति, आहार, वय हीं निरनिराळीं असलीं, तरी वायु, उदक, देश आणि काल हीं चार सर्वांना समान असतात. तीं बिघडलीं म्हणजे सगळा प्रांत एकदम आजारी पडतो. तीं बिघडतात कशानें, असें शिष्य विचारतो. गुरूचें उत्तर मोठें मार्मिक आहे. देशाचे, नगराचे व व्यापारी पेठांचे प्रमुख धर्म सोडून प्रजेशीं वागूं लागले म्हणजे अधर्म वाढतो, आणि तेथून पुढें हा बिघाड सुरू होतो, असें ते म्हणतात. दोष त्यांनीं आधीं प्रमुखांच्या पदरीं घातला, मागाहून प्रजेच्या. हा क्रम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

आमच्या वऱ्हाडांत यंत्राचा धूर कापसाच्या पाठोपाठ आला. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत गेला, १८७० मध्यें घाटाखालीं खामगांवास आगगाडीचा फांटा पोहोंचला, आणि सरकी काढण्याचे व गाठी दाबण्याचे कारखाने उभे राहूं लागले. पण शाळेंतल्या धड्यांत हा धूर आला नाहीं. त्या काळच्या आरोग्याच्या धड्यांचा सूर निराळा होता. खिडक्या उघड्या ठेवाव्या, कोंदट खोलींत निजूं नये, अंगण झाडावें, असा तो उपदेश असे. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला, तेव्हां या उपदेशास धार आली. १८९८ मध्यें मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तींतून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आंत खेळवावा, हा त्याचा एक उद्देश होता. हवा म्हणजे खिडकीचा प्रश्न, अशी समजूत शाळेंतही रुजली ती याच सुमारास.

धुराकडे लक्ष गेलें तें शहरांतील गिरण्यांमुळें. कलकत्त्याकरितां १९०५ मध्यें आणि मुंबईकरितां १९१२ मध्यें धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. त्यांचा रोख कारखान्यांच्या धुराड्यांवर होता. धूर मोजावा कसा, हा त्या वेळीं पहिला प्रश्न होता. त्यासाठीं रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें एक साधी युक्ति काढली होती. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत क्रमानें गडद होत जाणाऱ्या छटांचा तक्ता डोळ्यांसमोर धरावयाचा, धुराड्यांतून निघणाऱ्या धुराशीं त्याची तुलना करावयाची, आणि कितव्या क्रमांकाचा धूर आहे तें लिहून ठेवावयाचें. यंत्र नको, वीज नको. एवढा सोपा तक्ता शाळेच्या भिंतीवर मात्र कधीं लागला नाहीं. कायदा निरीक्षकासाठीं होता, मुलांसाठीं उपदेश होता.

या दोहोंमधील भिंत प्रथम वर्ध्यास पाडली गेली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं तेथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. आरोग्यशास्त्र हा तींतील सामान्य विज्ञानाचाच भाग होता, आणि सेवाग्रामच्या नयी तालीममध्यें सफाई हें हातांनीं करावयाचें काम होतें, पाठ करावयाचें नव्हे. वर्ध्यांतीलच मगनवाडींत, ज्या ग्रामोद्योग संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनीं वाहिली तेथें, धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली. चुलीपाशीं बसणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत पाणी कां येतें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, हें तेथें मानलें गेलें. मूलोद्योगी शाळा पुढें मागें पडल्या, आणि तो प्रश्नही त्यांच्याबरोबर मागें पडला.

परदेशांत मात्र एका दुर्घटनेनें तो पुढें आणला. १९५२ च्या डिसेंबरमध्यें, ५ पासून ९ तारखेपर्यंत, लंडनवर कोळशाच्या धुराचें दाट धुकें बसलें. त्यांत सुमारें ४,००० माणसें दगावलीं, असा त्या वेळचा अंदाज होता; पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा बराच वाढविला आहे. १९५६ मध्यें तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या कायद्यानें गिरण्यांबरोबर घरांतील शेगड्यांनाही हात घातला. परंतु नुसता हुकूम काढला नाहीं. धूर न करणारी शेगडी बसविण्याच्या खर्चाचा मोठा वांटा सार्वजनिक तिजोरींतून देण्याची त्यांत सोय होती. चूल बदला म्हणावयाचें, तर चुलीचा खर्चही वांटून घ्यावयाचा, हें त्या कायद्याचें मर्म होय.

आपल्याकडे पुढची पावलें भराभर पडलीं. १९७२ मध्यें स्टॉकहोम येथें पर्यावरणावर जागतिक परिषद झाली. तींत श्रीमती इंदिरा गांधी यांचें भाषण झालें. १९७६ मध्यें बेचाळिसावी घटनादुरुस्ति झाली, आणि एकाच वेळीं दोन कलमें घटनेंत आलीं. कलम ४८ अ अन्वयें पर्यावरणाचें रक्षण करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, आणि कलम ५१ अ (ग) अन्वयें तें नागरिकाचेंही कर्तव्य आहे. १९८१ मध्यें हवेच्या प्रदूषणास आळा घालणारा कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरांत, २ व ३ तारखेमधील रात्रीं, भोपाळ येथें विषारी वायूनें हजारो बळी घेतले, आणि हवा हा खिडकीचा प्रश्न राहिला नाहीं, हें सर्वांना कळून चुकलें.

शाळेच्या इतिहासांतील मोठा दिवस २२ नोव्हेंबर १९९१ हा होय. वकील एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर न्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या पीठानें निर्णय दिला कीं, पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीनें शिकविला जावा. चित्रपटगृहांतून फुकट चित्रफलक दाखवावे, आणि आकाशवाणीनें व दूरदर्शननें रोज पांच-सात मिनिटें या विषयास द्यावीं, असेंही त्या निर्णयांत होतें. आज मी या ध्वनिक्षेपकासमोर बोलत आहें, त्यास असा न्यायालयाचाही आधार आहे! अंमल सावकाश झाला. म्हणून १८ डिसेंबर २००३ रोजीं न्यायालयानें पुन्हां फर्माविलें, आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेस अभ्यासक्रमाचा नमुना तयार करावा लागला. येणेंप्रमाणें हवा शाळेंत आली ती न्यायालयाच्या दारानें.

ती आली खरी. पण कशी आली? नायट्रोजन शेंकडा ७८ भाग, ऑक्सिजन शेंकडा २१ भाग, प्रदूषणाचीं कारणें चार, उपाय पांच, गुण दहा. आणि मुलांच्या तोंडीं पाठ झालें तें कर्तव्याचें कलम. राज्याचें कलम त्याच दुरुस्तींत जन्मलेलें असून मागें राहिलें. आमच्या मेहकर भागांत शिकवीत असतां एकदां मीं लांकडाच्या धुराचे अपाय सांगितले. त्यावर एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मग आमच्या आईनें स्वयंपाक कशावर करावा?" या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत नव्हतें. पण तोच खरा हवेचा धडा होता. जो पाठ ऐकून मुलीला आपल्या आईच्या चुलीची लाज वाटेल, तो पाठ अपुरा होय, असें माझें मत तेव्हांपासून पक्कें झालें.

तिच्या प्रश्नामागें शास्त्र आहे. १९८१ च्या सुमारास किर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानें भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेंतील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मोजयंत्रें लावून, त्यांच्या श्वासांत किती धूर जातो तें मोजलें. मोठ्या शहरांतील रस्त्यांपेक्षां तो कितीतरी अधिक भरला. या धुरांतील अडीच मायक्रॉनहून बारीक कण माणसाच्या केसाच्या विसाव्या भागाहूनही लहान असतात. नाकांत न अडकतां ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. मूल आपल्या वजनाच्या मानानें मोठ्यांपेक्षां अधिक हवा घेतें, म्हणून त्याला अपायही अधिक. अशा कणांची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेंत ४० मायक्रोग्रॅमच्या आंत असावी, असें आपलें २००९ चें मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें तीच मर्यादा ५ वर आणली. सरकारनें सुधारित चुलींची योजना १९८० नंतरच्या दशकांत आणली, आणि २०१६ मध्यें उज्ज्वला योजनेनें गॅस गरिबाच्या घरांत पोहोंचविला. परंतु टाकी एकदां मिळणें आणि ती वरचेवर भरून आणणें यांत अंतर आहे. तें अंतर पैशाचें आहे, अज्ञानाचें नव्हे.

मुलें कांहींच करूं शकत नाहींत, असा याचा अर्थ नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें महाराष्ट्रांतील शाळांतून फटाकेमुक्त दिवाळीचे संकल्प मुलांकडून लिहवून घेतले, आणि वांचलेल्या पैशांतून पुस्तकें घेण्याचें सुचविलें. फटाका हा मुलाच्या हातांतला होता, म्हणून तो सोडणेंही त्याच्या हातांत होतें. पुढें २०१५ मध्यें दिल्लींतील तीन तान्ह्या बाळांच्या नांवें त्यांच्या वडिलांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यावरून ऑक्टोबर २०१८ मध्यें फटाक्यांचे प्रकार व वेळ यांवर बंधनें आलीं. एका उदाहरणांत मुलाचें कर्तव्य दिसतें, दुसऱ्यांत मुलाचा हक्क. शाळेनें दोन्ही शिकवावींत.

कोणी म्हणेल, हा दिल्लीचा विषय. मेहकरसारख्या गांवीं त्याचें काय? २०१९ मध्यें केंद्र सरकारनें हवेचें मानक न गांठणाऱ्या शहरांसाठीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्या यादींत आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या जिल्ह्यांतील अकोला, जालना व जळगांव हीं तीनही शहरें होतीं. आमच्या घाटावरही सोयाबीनच्या मळणीची धूळ आहे, कचऱ्याच्या ढिगाला लावलेली आग आहे, आणि वेंचणी संपल्यावर धुऱ्यावर पेटणारी पऱ्हाटी आहे. हिंवाळ्यांत जमिनीजवळची हवा थंड व जड होऊन खालींच बसते, आणि पैनगंगेच्या कांठचें सकाळचें धुकें धूर धरून ठेवतें. पऱ्हाटी जाळणारा शेतकरी हौसेनें जाळीत नाहीं. पुढच्या हंगामापूर्वीं रान मोकळें व्हावें आणि गुलाबी बोंडअळीला आसरा राहूं नये, हीं त्याचीं कारणें आहेत. तीच पऱ्हाटी यंत्रानें बारीक करून खत करतां येतें. पण यंत्र गांवांत हवें, आणि त्याचें भाडें परवडावें.

तर मग हवेचा धडा कसा असावा? माझ्या मतें त्याचे तीन भाग असावेत. पहिला पाहण्याचा. पांढऱ्या कागदास व्हॅसलीन फांसून तो शाळेच्या आवारांत, रस्त्यालगत आणि चुलीजवळ टांगावा; चार दिवसांनीं तिन्ही कागद शेजारीं ठेवावेत. रिंगेलमानच्या तक्त्यासारखा छटांचा तक्ता मुलांनींच रंगवावा. दुसरा भाग कारण जाणण्याचा. हें काळें कोठून आलें, तें कोण जाळतो, आणि न जाळल्यास त्याला काय खर्च पडेल, हें घरीं व शेतांत विचारून यावें. तिसरा भाग सांगण्याचा. जें मुलाच्या हातांत आहे तें त्यानें करावें, जें घराच्या हातांत आहे तें घरीं सांगावें, आणि जें नगरपालिकेच्या अगर सरकारच्या हातांत आहे, त्याविषयीं वर्गानें सभ्य भाषेंत अर्ज लिहावा. अर्ज लिहिणें हा भाषेचाही पाठ आहे. त्यास निराळा तास नको.

आत्रेयांनीं लावलेला क्रम येथें उपयोगीं पडतो. वायु सर्वांचा समान आहे; पण त्याची जबाबदारी सर्वांवर सारखी नाहीं. ज्याच्या हातीं अधिक, त्याच्याकडे प्रथम विचारणा व्हावी. आपल्या शाळांनीं दीडशें वर्षें मुलाला खिडकी उघडावयास सांगितलें. तें योग्यच होतें. आतां त्या खिडकींतून आंत येणाऱ्या हवेचा हिशेब कोणाकडे मागावा, हेंही त्याला शिकविलें पाहिजे. आपल्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें असतील. त्यांच्या पुस्तकांतील पर्यावरणाचा धडा आज संध्याकाळीं एकदां उघडून पाहा, आणि त्यांत राज्याचें कलम आहे कीं नाहीं, एवढें शोधा. नसेल, तर तें त्यांना आपणच सांगा.